कार्बुरेटरच्या तोंडावरचं कापड

माजलगावच्या बायपासवर माझं गॅरेज आहे. जुन्या मोटारसायकली दुरुस्त करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण माझ्याकडे बीड, अंबाजोगाई, कधी कधी परभणीहूनही माणसं येतात ती एका कामासाठी. कार्बुरेटरचं सेटिंग. पाटी रंगवताना रंगाऱ्याने विचारलं होतं, नावापुढे डिग्री लिहायची का. मी नको म्हणत होतो, आईने लिहायला लावली. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घरातला पहिला. ग्रीसने काळे झालेले हात आणि पाटीवर बी.एस्सी. हे पाहून नवीन गिऱ्हाईक जरा थबकतं. मला आता त्याची सवय झाली आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजच्या गाड्यांत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते छोटा संगणक ठरवतो. जुन्या गाडीत हे काम मुठीएवढं धातूचं भांडं करतं. हवा त्याच्या तोंडातून आत ओढली जाते, जाताना बारीक भोकांतून पेट्रोल उचलते आणि दोन्ही मिळून सिलिंडरमध्ये जातात. त्या भोकांच्या पितळी तुकड्यांना जेट म्हणतात. हळू गाडी चालवताना एक जेट काम करतो, मधल्या वेगाला एक निमुळती सुई वरखाली होऊन पेट्रोल सोडते आणि हँडलची मूठ पूर्ण पिळली की मोठ्या जेटची पाळी येते. तिघांची हद्द वेगळी, आणि सेटिंग म्हणजे त्या तिघांना आपापल्या हद्दीत नीट वागायला लावणं.

हे गॅरेजमध्ये बसून होत नाही. गाडी रस्त्यावर न्यावी लागते. मी मुठीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करतो. मग सरळ रस्त्यावर मूठ एका खुणेवर धरून गाडी ओढायची. पुरेशी ओढली की एकदम इंजिन बंद करायचं, त्याच क्षणी क्लच दाबायचा आणि गाडी घरंगळत थांबू द्यायची. तिथेच रस्त्याच्या कडेला बसून प्लग काढायचा आणि त्याचा रंग पाहायचा. प्लग काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त होतंय. चुन्यासारखा पांढरा असेल तर कमी पडतंय. नीट भाजलेल्या भाकरीवर जो तपकिरी डाग येतो तो रंग मिळाला की थांबायचं. जुन्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. याला आम्ही इंजिन जाम होणं म्हणतो. चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. म्हणून टू-स्ट्रोक चालवणारा जाणता माणूस डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवतो. चाक थांबल्याचं कळताच क्लच ओढला की चाक सुटतं. ओढायला उशीर झाला तर माणूस पडतो.

माझा रस्ता ठरलेला आहे, धरणाच्या कालव्याकडेचा. वडील कालव्यावर पाटकरी होते, शेतांना पाणी सोडायचे आणि बंद करायचे, त्यामुळे त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला लहानपणापासून माहीत आहे. चढाची परीक्षा घ्यायची असेल तर धारूरच्या घाटात जातो.

जेट मात्र आमच्या गावात मिळत नाहीत. मागवले तर आठ दिवस लागतात आणि आलेला हवा तोच निघेल याची खात्री नसते. म्हणून माझे जेट सराफा गल्लीत तयार होतात. उदावंतकाका सोनार आहेत. सोनार तार ओढतात ती पोलादी पट्टी त्यांच्याकडे आहे, तिला एकाहून एक बारीक भोकं असतात. काकांनी मला त्या पट्टीतून वेगवेगळ्या जाडीच्या तारा ओढून दिल्या आहेत, त्याच माझी मापं. जुना जेट डाग देऊन, म्हणजे वितळवलेला धातू भरून, बुजवायचा आणि नथीच्या कामाला वापरतात त्या बारीक ड्रिलने पुन्हा पाडायचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा काका जेट भिंगाखाली धरून म्हणाले होते, "एवढ्याशा भोकाला एवढा जीव काहून टाकतो बे? हे काय कुणाच्या नाकात घालायचं हाय?" नंतर मात्र त्यांनाच नाद लागला. आता मी दुकानात शिरलो की समोरच्या बाईंचं मंगळसूत्र बाजूला ठेवून ते आधी जेट मागतात.

गिऱ्हाईकांचे नमुने खूप पाहिले. धारूरचा एक हलगीवाला होता, दोन सिलिंडरची गाडी घेऊन आलेला. मी दोन्ही कार्बुरेटर एकसारखे उघडतात की नाही ते मोजायला नळ्या जोडत होतो. तो बाजूला उकिडवा बसून ऐकत होता. म्हणाला, "डावा मागं पडायलाय." मी मोजलं. डावाच मागे होता, केसाएवढा.

दुसरे शिरूर कासारचे एक कोंबड्यांचे व्यापारी. त्यांची तक्रार अशी की गाडी बीडला जाताना छान जाते आणि येताना प्रत्येक वेळी बंद पडते. तीन मिस्त्रींनी कार्बुरेटर उघडून साफ केला होता. मीही उघडणार होतो, पण आधी त्यांना म्हटलं की येताना तुम्ही काय काय करता ते सांगा. ते येताना कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं पेट्रोलच्या टाकीवर आडवं ठेवायचे. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक छिद्र असतं, ते पोत्याने दाबलं जायचं. हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल खाली येत नाही. पोतं मागे बांधायला सांगितलं आणि गाडी परत पाठवली. ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे, थोडा भाव खात. तात्पर्य असं सांगायचो की यंत्राच्या आत शिरण्याआधी यंत्रावर काय ठेवलंय ते पाहा. पुढे जे लिहिणार आहे त्यासाठी वाचकांनी हे लक्षात ठेवावं, कारण मी ठेवलं नाही.

लोखंडे सर आमचे फिजिक्सचे शिक्षक. दहावीनंतर माझा आयटीआयचा अर्ज भरून झाला होता. सरांनी तो वडिलांच्या हातातून घेतला, वाचला, घडी करून आपल्या खिशात ठेवला आणि सायन्सचा फॉर्म आणून स्वतः भरला. वडिलांनी विचारलं, झेपेल का. सर म्हणाले, झेपलं नाही तर हा कागद माझ्या खिशात आहेच. त्यांची मुलगी सुजाता कॉलेजात माझ्याच वर्गात होती, ती आता ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मी डिग्री घेऊन या गॅरेजात, तेव्हा ते मामाचं होतं, बसलो याचं सरांना वाईट वाटलं असणार, पण तसं ते कधी बोलले नाहीत. स्वतःची गाडी मात्र माझ्याशिवाय कोणाला हात लावू दिली नाही.

ती गाडी म्हणजे दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक. सरांनी तरुणपणी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यावरच शाळेत गेले. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी एक इच्छा बोलून दाखवली. शेजारच्या जिल्ह्यात जुन्या गाड्यांचे शौकीन दर हिवाळ्यात घाटात एक शर्यत घेतात. एका वेळी एकच गाडी चढते आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. सरांना त्यात एकदा उतरायचं होतं. आयुष्यभर उतरत्या फळीवरून छोटी गाडी सोडून पोरांना त्वरण शिकवलं, एकदा स्वतःचं मोजून बघतो, असं ते म्हणाले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कोल्हापूरहून रेसिंगच्या कार्बुरेटरची जोडी आणून दिली. ते मोठ्या उघड्या तोंडाचे असतात, मागे फिल्टरचा डबा बसत नाही.

सुजाताला हे पसंत नव्हतं. तिने घरात, माझ्यासमोर, एक अट घातली. "बाबा, एकदा जरी पडलात तरी गाडी विकायची आणि पुन्हा गाडीवर बसायचं नाही. मंजूर?"

सर म्हणाले, "मंजूर."

"आणि मिलिंद, तू साक्षीदार." मी मान हलवली.

ऑक्टोबरात सेटिंग सुरू केलं. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले की आमच्याकडे धूळ किती उडते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. उघड्या तोंडाच्या कार्बुरेटरमधून ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. त्यावर आमच्याकडे एक साधी पद्धत आहे. मलमलीचा तुकडा तोंडावर ताणून तार गुंडाळायची. मीही दोन तुकडे बांधले. पहिल्या दिवसापासून सेटिंग कापडासकट केलं, म्हणजे कापडाने जी हवा अडते तिचा हिशोब आपोआप धरला जातो. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

गाडी मी चालवायचो. सर कालव्याच्या रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर वही घेऊन बसायचे. प्लग काढला की मी रंग सांगायचो, ते लिहायचे. शाळेतलं त्यांचं एक वाक्य आमच्या वर्गाला पाठ होतं, ते कठड्यावरही ऐकवायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बाकीच्या जागच्या जागी आहेत याची आधी खात्री करायची. मी एका वेळी एकच जेट बदलत होतो.

पहिल्या आठवड्यात रंग जमला. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिला तर प्लग काळसर. मी मोठा जेट एका मापाने लहान केला, रंग जमला. नोव्हेंबरात पुन्हा काळसर, पुन्हा लहान. उदावंतकाकांनी बारीक तार शोधून दिली. डिसेंबर लागला तेव्हा तिसऱ्यांदा लहान केला. सरांनी वहीतून डोकं वर काढलं.

"मिलिंद, थंडी वाढायलीय. हवा दाट होतीय. मग पेट्रोल जास्त लागायला पाहिजे ना? तू तर कमी करत चाललास."

"सुई झिजली असेल सर. मधून जास्त पेट्रोल येत असेल."

"असेल?"

"झिजलीच आहे सर."

सुई मी काढून मोजली नव्हती. सरांनी वहीत लिहिलं, सुई, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मी पाहिलं होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आठला आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोहोचलो, टेम्पोत गाडी घालून. सुजाताही आली होती. चांगलीच थंडी होती. पुण्या-मुंबईच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. आरशासारखं क्रोमियम, मालकांच्या अंगावर चामड्याची जाकिटं. आमची गाडी टेम्पोतून उतरवली. पुसून आणलेली होती, पण कार्बुरेटरच्या तोंडावरचे ते दोन तुकडे मातीच्या रंगाचे झाले होते. बाजूच्या जाकीटवाल्याने वाकून पाहिलं आणि सभ्यपणे विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, फिल्टर. तो हसला नाही, पण पुन्हा पाहिलंही नाही.

आमच्या घरात एक शिकवण होती. चार माणसांत जायचं तर एकच सदरा असला तरी धुतलेला घालायचा. आईने आम्हाला तसंच पाठवलं, शाळेत, कॉलेजात, मुलाखतीला. माझ्या पिशवीत नव्या मलमलीचा कपडा होता. मी गाडीमागे बसून जुने तुकडे सोडले, नवे पांढरेशुभ्र बांधले, तार नीट वळवली. जुने हत्यारांच्या पेटीत टाकले. मला बरं वाटलं, हेही सांगतो.

सरांचा नंबर आला. गाडी पहिलं वळण छान चढली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे आवाज एकदम धारदार झाला. तो आवाज मी ओळखतो, पेट्रोल कमी पडलं की इंजिन असं किंचाळतं. मग आवाजच थांबला. आम्ही धावत वर गेलो. सर कडेच्या खडीवर बसले होते, उजवा हात डाव्या हाताने धरून. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं. बाकी खरचटलं होतं, शुद्धीवर होते. आधी त्यांनी विचारलं ते, गाडीला फार लागलंय का.

त्यांना आयोजकांच्या जीपमध्ये बसवेपर्यंत मी रस्ता पाहून घेतला. ती सवय आहे. मागचं चाक जाम होऊन घासलं की डांबरावर काळी खूण उमटते. क्लच ओढायला उशीर झाला तर ती लांबच लांब जाते. ही खूण माझ्या दोन पावलांएवढी होती. म्हणजे चाक अडकताच सरांनी क्लच ओढला होता. पुढे गाडी वळणावर जोर नसल्यामुळे कडेला गेली, खडीवर पुढचं चाक सरकलं आणि ते पडले. त्या जागी तिशीतला माणूस असता तरी पडला असता.

जीपमध्ये कोणीतरी म्हणालं, वय झालं की बोटं चालत नाहीत. खुणेचं मी कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. दोन्ही पिस्टन चारी बाजूंनी खरवडलेले, दोन्ही प्लग चुन्यासारखे. एका बाजूला असं झालं असतं तर दुसरं कारण शोधता आलं असतं. सुई काढून मोजली. झिजलेली नव्हती. पक्कड घ्यायला पेटी उघडली तर वर ते जुने तुकडे. उचलून उजेडासमोर धरले. पलीकडचं काही दिसेना. तोंडाला लावून फुंकर मारली, गाल फुगले पण हवा जाईना. दोन महिने कापड धुळीने बुजत गेलं, हवा कमी होत गेली, त्या मानाने पेट्रोल जास्त व्हायला लागलं, आणि मी ते जास्तीचं पेट्रोल जेट लहान करून कापत गेलो. गाडी मळक्या कापडाला जमवून ठेवली आणि ऐन वेळी, थंड दाट हवेत, तिला कोरं कापड बांधलं. एकाएकी हवा भरपूर, पेट्रोल तेवढंच. कोंबड्यांच्या व्यापाऱ्याला पोत्याची गोष्ट समजावणारा माणूस मीच.

सुजाताने अटीप्रमाणे गाडीला गिऱ्हाईक शोधलं. पुण्याचे कोणी होते. मला फोन करून म्हणाली, इंजिन नीट करून ठेव, ते पुढच्या महिन्यात येऊन नेतील. मी बरं म्हटलं. उदावंतकाकांना सर पडल्याचं कळलं होतं, त्यांनी विचारलं, भोक चुकलं का काय माझं? मी म्हटलं, नाही काका, भोक बरोबर होतं. त्यांच्या पुढच्या प्रश्नाआधी मी दुकानातून निघालो.

मी गप्प का राहिलो, याचं मोठं काही कारण नाही. बाहेरगावची माणसं माझ्याकडे येतात ती माझं सेटिंग चुकत नाही म्हणून. आणि सरांनी मला काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत होतो. त्यांनी विचारलं नाही. एकोणीस दिवसांनी त्यांनी वही पाठवून दिली. गाडी जाणार तर तिच्या सेटिंगची वही नव्या मालकाला द्यावी, असा निरोप होता. मी शेवटचं पान उघडलं. उजवा हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे डाव्या हाताने लिहिलेलं होतं, पहिलीतल्या मुलासारखं. शर्यतीची तारीख, हवामान थंड, इंजिन जाम. त्याखाली, कारण: चालक.

पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी ते दोन तुकडे आणि एक कोरा तुकडा कागदात गुंडाळले आणि ज्युनिअर कॉलेजात गेलो. सुजाता प्रयोगशाळेत होती. मी सगळं क्रमाने सांगितलं. तिने मधे अडवलं नाही. जुना तुकडा घेऊन तिने तो प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवला, आकडा पाहिला, मग तेवढ्याच आकाराचा कोरा तुकडा माझ्याकडून मागून घेतला आणि तोही ठेवला. पुन्हा जुना. तिन्ही वेळा ती काट्याकडेच पाहत होती.

"तुला कधी कळलं?"

"इंजिन उघडलं तेव्हा."

"म्हणजे दुसऱ्या दिवशी. आणि ती रस्त्यावरची खूण?"

"ती त्याच दिवशी पाहिली होती."

"जीपमध्ये बसायच्या आधी."

"हो."

बाहेर तास संपल्याची घंटा झाली, मुली दारात जमल्या. तिने तिन्ही तुकडे कागदात नीट गुंडाळून माझ्या हातात दिले. "बाबा रोज सकाळी आरशासमोर बसून डाव्या हाताची बोटं उघडझाप करतात. मोजून. मला वाटायचं व्यायाम करतात." मग म्हणाली, "संध्याकाळी घरी ये. हे तू सांगायचंस, मी नाही."

संध्याकाळी गेलो. सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी वही आणि कागदाची पुडी समोर ठेवली आणि सांगितलं. सरांनी तोंडी परीक्षेत विचारायचे तसे प्रश्न विचारले. कापड कधी बांधलं? पहिल्या फेरीला. बदललं कधी? शर्यतीच्या दिवशी. मधे झटकलं? नाही. का बदललं? मी तेही सांगितलं, जाकीटवाल्यासकट. त्यांनी वही उघडली, पानं चाळली.

"वहीत जेट आहे, सुई आहे, हवामान आहे, प्लगचा रंग आहे. कापड कुठंय?"

"वहीत नाही सर."

"पडलो त्याचं काही नाही बे. हाड जुळतंय. माझ्या वहीत खोटं कारण राहू दिलंस तू."

सर म्हणाले, "सुजाता, पट्टी दे." तिने लाकडी पट्टी दिली. सरांनी डाव्या हाताने ती पानावर ठेवायचा प्रयत्न केला, ती सरकायला लागली तेव्हा तिने एक टोक धरलं. चालक या शब्दावर त्यांनी एक रेघ मारली. शाळेतही ते चुकलेलं कधी खोडून काळं करू देत नसत, खालचं वाचता आलं पाहिजे म्हणत. मग पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं: कारण: मिस्त्री. कापड मळत गेलं, लक्षात घेतलं नाही. शर्यतीच्या दिवशी बदललं. खाली सही केली.

"आता खूण," सर म्हणाले. "किती लांब होती?"

मी हाताने दाखवलं. "अशी नाही, मोजून," असं म्हणत ते खाटेवरून उतरले. मी फरशीवर खडूने एक रेघ ओढली, आठवून आठवून, आणि खिशातल्या टेपने मोजली. सर त्या रेघेजवळ उभे राहिले. त्यांनी मला जे विचारलं ते प्रश्नासारखं नव्हतं, एखाद्या विद्यार्थ्याने उत्तर तपासून घ्यावं तसं होतं.

"एवढ्यातच ओढला होता का मी क्लच?"

"एवढ्यातच सर."

त्यांनी सुजाताकडे पाहिलं. ती रेघेकडे पाहत होती. वहीत आकडा तिने लिहिला, आणि पुढे लिहिलं, क्लच वेळेवर. नंतर गाडी विकायची नाही असं पुण्याला फोनवर कळवायला ती आत गेली. अट मोडली की नाही यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही. साक्षीदाराला कोणी विचारलं नाही, आणि तेच योग्य होतं.

चढाची शर्यत राहिली ती राहिलीच. सरांचा उजवा खांदा आता पुरता वर जात नाही, घाटाच्या वळणांना तो लागतो. याची भरपाई माझ्याकडून होण्यासारखी नाही. पाटी मात्र मी तशीच ठेवली आहे, डिग्रीसकट. नवीन माणूस सेटिंगला आला की त्याला मी ही गोष्ट पोत्याच्या गोष्टीनंतर लगेच सांगतो. माझ्या वहीत आता पहिला रकाना कापडाचा असतो, दर फेरीला नवा तुकडा. उदावंतकाकांनाही खरं काय ते सांगितलं. त्यांनी मोठा जेट पाडून दिला आणि म्हणाले, "मंग एवढे दिस माझ्याकडं बघत काहून नव्हता?"

मार्चमध्ये डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर गाडी चालवायला परवानगी दिली. नवे पिस्टन बसवून, कोऱ्या कापडावर सेटिंग करून मी गाडी कालव्यावर नेली. या वेळी वही घेऊन कठड्यावर सुजाता बसली होती. सरांनी कार्बुरेटरवरचं कापड सोडलं, उजेडासमोर धरलं, झटकलं, पुन्हा बांधलं. मग गाडीवर बसले. गाडी निघाली तेव्हा मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं क्लचवर होती. ती त्या दिवशीही होती, आणि हे मला रस्त्यावरच्या खुणेवरून तेव्हाच कळलं होतं.